कोबाल्टच्या एकरेणू चुंबकासाठी लिगंड कसा आखायचा: टप्पे, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

एकरेणू चुंबक म्हणजे ज्याचा एकेक रेणू स्वतःच चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतो असं संयुग, आणि लिगंड म्हणजे त्यातल्या धातूला धरून बसणारा रेणू किंवा आयन. कपाटात सॅलिसिलाल्डिहाइड असतं, एखादं डायअमीन असतं. दोघांपासून शिफ बेस हा लिगंड एका दुपारी तयार होतो, कोबाल्ट अ‍ॅसिटेट टाकलं की रंग पालटतो, आठवड्याभरात स्फटिकही येतात. नमुना स्क्विडवर (अतिसंवेदनशील चुंबकत्वमापकावर) जातो आणि शून्य क्षेत्रात, म्हणजे बाहेरचं स्थिर चुंबकीय क्षेत्र नसताना, काहीच हालचाल दिसत नाही. मग हजार ओर्स्टेडचं क्षेत्र लावून थोडीशी मंद शिथिलता (चुंबकत्व सावकाश मूळपदावर येणं) दाखवली जाते आणि काम संपलं असं मानलं जातं. इथे रसायन चुकलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो. आधी ऊर्जापातळ्या, मग भूमिती, मग दाता अणू (लिगंडचे धातूला जोडले जाणारे अणू), त्यानंतर सांगाडा आणि सर्वात शेवटी संश्लेषण, या क्रमाने गेलं तर निम्मे नमुने बनवायची वेळच येत नाही.

हा लेख +२ अवस्थेतल्या, उच्च-स्पिन, एकाच कोबाल्ट अणूच्या कॉम्प्लेक्सपुरता आहे. अनेक धातूंच्या क्लस्टरची गणितं वेगळी असतात.

## टप्पा १: काय हवंय ते आकड्यात लिहा

उच्च-स्पिन कोबाल्ट +२ मध्ये ३डी कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात आणि एकूण स्पिन ३/२ असतो. स्पिन-ऑर्बिट कपलिंगमुळे त्याच्या चार पातळ्यांच्या दोन जोड्या होतात. या विभाजनाला झिरो-फील्ड स्प्लिटिंग म्हणतात. त्याचा अक्षीय भाग ‘डी’ आणि आडवा भाग ‘ई’. ई नगण्य असेल तर दोन जोड्यांमधलं अंतर डीच्या दुप्पट येतं.

वहीत तीन अटी लिहून ठेवा:

1. डी ऋण हवा. डी ऋण असेल तर ±३/२ ही जोडी तळाला येते आणि चुंबकत्वाला उलटं व्हायला अडथळा ओलांडावा लागतो. डी धन असेल तर तळाला ±१/२ येते आणि असा अडथळाच उरत नाही.
2. डी आकाराने मोठा हवा.
3. ई आणि डीचं गुणोत्तर शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं.

तिसऱ्या अटीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. ‘कोबाल्ट +२ हा क्रामर्स आयन (विषम संख्येने इलेक्ट्रॉन असलेला) आहे, त्यामुळे टनेलिंग (अडथळा न ओलांडताच चुंबकत्व उलटणं) होतच नाही’ हे अर्धसत्य आहे. निसर्गातला सगळा कोबाल्ट ५९ वस्तुमानाचा असतो आणि त्याच्या केंद्रकाचा स्पिन ७/२ असतो. केंद्रकाच्या आणि इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमधली ही हायपरफाइन आंतरक्रिया, जोडीला शेजारच्या रेणूंचं चुंबकीय क्षेत्र, आणि ई मोठा असेल तर टनेलिंगला वाट मोकळीच. डिस्प्रोसियमसारखा केंद्रकीय स्पिन नसलेला आयसोटोप निवडून सुटका करून घेण्याची सोय कोबाल्टला नाही. म्हणून ई लिगंडनेच दाबावा लागतो.

> इशारा: डिस्प्रोसियमसाठीची ‘अक्षावर ऋण प्रभार, विषुववृत्तावर काही नको’ ही कृती जशीच्या तशी उचलू नका. लँथनाइडमध्ये ४एफ इलेक्ट्रॉन आत दडलेले असतात. कोबाल्टचे ३डी इलेक्ट्रॉन लिगंडशी थेट भिडतात, त्यामुळे ऑर्बिटल कुठल्या क्रमाने लागतात ते आधी पाहावं लागतं.

## टप्पा २: भूमिती निवडा

डीचं चिन्ह ठरवणारा एक ठोकताळा पाठ असू द्या. स्पिन न बदलता होणारी सर्वात कमी ऊर्जेची उडी समान |एमएल| (ऑर्बिटलच्या कोनीय संवेगाचा अक्षावरचा क्वांटम अंक) असलेल्या ऑर्बिटलमध्ये असेल, तर डी ऋणाकडे झुकतो. |एमएल| एकने बदलत असेल, तर धनाकडे. उडीची ऊर्जा जितकी कमी तितका डी मोठा.

लांबट चतुष्फलक. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. आदर्श चतुष्फलकात वेगवेगळ्या दिशांची योगदानं एकमेकांना खोडतात आणि डी शून्य येतो. एका अक्षावर रेणू ताणला की एक्सवाय आणि एक्सस्क्वेअर-वायस्क्वेअर ही |एमएल| = २ असलेली जोडी जवळ येते आणि डी ऋण होतो. उलट, रेणू चपटा केला तर डी धन होतो.

त्रिकोणी प्रिझम. सहा दाता अणू असूनही डी ऋण आणि भरघोस मिळतो. मात्र कोबाल्टला मोकळीक दिली की तो प्रिझम सोडून अष्टफलकाकडे वळतो. त्यामुळे धातूला चहूबाजूंनी बंदिस्त करणारे क्लॅथ्रोचिलेटसारखे पिंजरेच लागतात.

रेषीय, दोन दाता अणू. सर्वात मोठे अडथळे इथेच मिळाले आहेत. २०१८ साली दोन अवजड कार्बन-दाता गटांच्या मध्ये कोबाल्ट बसवून सुमारे ४५० सेमी⁻¹ इतका अडथळा नोंदवला गेला. पण ही संयुगं हवेत क्षणभरही टिकत नाहीत. ग्लोव्हबॉक्सचा हात बसलेला नसेल तर या वाटेला जाऊ नका.

त्रिकोणी द्विपिरॅमिड. चार दाती त्रिपाद अमीन घेतलं की भूमिती सहज मिळते. डी ऋण येतो, पण बहुधा माफक.

पंचकोनी द्विपिरॅमिड. डायअ‍ॅसिटिलपिरिडिनच्या हायड्रॅझोनपासून हा सुंदर मिळतो आणि त्यामुळेच सगळे त्याच्या मोहात पडतात. डी जवळपास नेहमीच धन, साधारण +३०च्या घरात. शून्य क्षेत्रातला चुंबक हवा असेल तर ही वाट सोडा.

अष्टफलक. इथे ऑर्बिटलचा कोनीय संवेग पुरता दबलेला नसतो, त्यामुळे ‘डी’ ही कल्पनाच लंगडी पडते. फिटिंगसाठी ग्रिफिथ-फिगिस मॉडेल घ्यावं लागतं. अष्टफलकाला चतुष्फलकाचं समीकरण लावून डी छापलेले निबंध कमी नाहीत. त्या आकड्यांशी तुलना करू नका.

> तपासणी: निवडलेल्या भूमितीसाठी पाच ऑर्बिटलची शिडी हाताने काढा आणि सात इलेक्ट्रॉन भरा. पहिली उडी कुठून कुठे होते हे बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर टप्पा ३ला जाऊ नका.

इथून पुढे मुख्य उदाहरण लांबट चतुष्फलकाचंच आहे.

## टप्पा ३: दाता अणू ठरवा

दोन गोष्टींचा तोल साधायचा असतो. कमकुवत लिगंड-क्षेत्रामुळे उत्तेजित पातळ्या खाली येतात आणि डी वाढतो. मृदू, जड दाता अणूंनी हे सहज साधतं. चार फिनॉक्साइड, चार थायोफिनोलेट किंवा चार सेलेनोफिनोलेट गटांनी वेढलेल्या कोबाल्टची मालिका २०१३ साली अभ्यासली गेली. तिच्यात डी अनुक्रमे सुमारे −११, −६२ आणि −८३ सेमी⁻¹ आला. ऑक्सिजन, गंधक, सेलेनियम असं खाली जाताना आकडा कसा उडी मारतो ते पाहा.

म्हणून सगळ्यांनी सेलेनियम घ्यावं असं नाही. थायोलेट हवेत डायसल्फाइड होतं, सेलेनोलेट त्याहून लवकर बिघडतं. शिवाय एकदाती थायोलेटमध्ये गंधकावरचा फिनाइल गट कुठे वळलाय यावरही डी हलतो, आणि ते वळण बरेचदा स्फटिकातला धन आयन ठरवतो. म्हणजे तुम्ही आखलेल्या लिगंडचा लगाम दुसऱ्याच्या हाती जातो.

डीप्रोटोनेट केलेला (प्रोटॉन काढून घेतलेला) सल्फोनामाइड नायट्रोजन हा पर्याय मला जास्त भरवशाचा वाटतो. तो ऋण आहे, पाय-स्वीकारक (धातूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेणारा) नाही, हवेत बऱ्यापैकी टिकतो, आणि चिलेटमध्ये (एकाहून अधिक दात्यांनी धातूला पकडणाऱ्या कड्यात) बांधता येतो.

> इशारा: सहा इमाइन किंवा पिरिडिन नायट्रोजन एकत्र आणू नका. क्षेत्र इतकं प्रबळ होतं की कोबाल्ट निम्न-स्पिनकडे झुकतो. दोन टरपिरिडिनचं कॉम्प्लेक्स स्पिन-क्रॉसओव्हरसाठी (उच्च आणि निम्न स्पिनमध्ये पालटण्यासाठी) ओळखलं जातं ते याचमुळे. स्पिन १/२ झाला की झिरो-फील्ड स्प्लिटिंगचा विषयच संपतो.

## टप्पा ४: बाइट अँगल आणि सांगाडा

सगळ्या आराखड्याचं खरं हत्यार हेच आहे. द्विदाती लिगंडचे दोन दाता अणू धातूपाशी जो कोन करतात तो बाइट अँगल. असे दोन लिगंड एकमेकांना काटकोनात बसले की मुख्य अक्ष दोन्ही कोनांना दुभागतो. कोन १०९.५ अंशांपेक्षा जितका लहान, तितका चतुष्फलक त्या अक्षावर लांबट.

कोन चिलेट-कड्यात किती अणू आहेत त्यावर ठरतो:

- चार अणूंचं कडं (अ‍ॅमिडिनेट, कार्बोक्सिलेट): सुमारे ६०–६६ अंश. कोन आकर्षक वाटतो, पण ताण इतका की कोबाल्ट बाहेरून आणखी एखादा दाता ओढून घेतो.
- पाच अणूंचं कडं (ऑर्थो-फिनाइलीनडायअमीनचा सांगाडा): सुमारे ८०–८४ अंश. नेमका हवा तो पट्टा.
- सहा अणूंचं कडं (बीटा-डायकेटिमिनेट): ९५ अंशांच्या आसपास. चालतं, पण डी घटतो.

ऑर्थो-फिनाइलीनडायअमीनच्या दोन्ही नायट्रोजनवर मिथेनसल्फोनिल गट बसवला की बिस-सल्फोनामाइड मिळतं. त्याचे दोन द्विऋण रेणू आणि दोन ट्रायएथिलअमोनियम आयन असलेलं कोबाल्ट कॉम्प्लेक्स २०१६ साली प्रसिद्ध झालं. बाइट अँगल ८० अंशांच्या जवळ, डी −११५ सेमी⁻¹. चार साध्या नायट्रोजनांनी, केवळ कोनाच्या जोरावर, सेलेनियमलाही मागे टाकलं.

सांगाडा ताठ हवा. एथिलीनडायअमीनचा पूल बेंझिन वलयाइतकाच कोन देतो, पण तो डुलतो. कमी ऊर्जेची कंपनं चुंबकीय शिथिलतेला रामन प्रक्रियेची (दोन कंपनांच्या साहाय्याने होणाऱ्या शिथिलतेची) वाट करून देतात. सपाट सुगंधी पूल, लहान प्रतिस्थापक, लांब अल्किल शेपट्या नकोत.

> तपासणी: केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेसमध्ये (प्रसिद्ध स्फटिकरचनांच्या संग्रहात) हाच चिलेट-तुकडा कुठल्याही +२ धातूवर शोधा. प्रत्यक्ष कोनांचा पट्टा दहा अंशांहून रुंद असेल, तर सांगाडा तुम्हाला वाटतो तितका ताठ नाही.

## टप्पा ५: समरूपता सांभाळा

दोन्ही चिलेट-प्रतलं अचूक ९० अंशांत असतील तर ई शून्याजवळ राहतो. हा कोन ८० किंवा ७५वर आला की ई डोकं वर काढतो, डी कितीही मोठा असला तरी. त्यासाठी:

1. लिगंडची दोन्ही टोकं सारखी ठेवा. एका बाजूला पिरिडिन आणि दुसऱ्या बाजूला फिनॉक्साइड असलेला शिफ बेस हा ई वाढवायचा सोपा मार्ग आहे.
2. दाता अणूंशेजारचे गट इतके मोठे नकोत की समोरच्या लिगंडला ढकलतील, आणि इतके लहानही नकोत की द्रावकाला आत शिरता येईल.
3. लिगंडवर हायड्रोजन-बंध करणारे गट मोकळे सोडू नका. सल्फोनिलचे ऑक्सिजन धन आयनाशी बंध करतात. तो बंध एकाच बाजूने झाला की प्रतलं पिळली जातात. त्यामुळे धन आयन हा आराखड्याचाच भाग समजा.

## टप्पा ६: हात लावण्याआधी गणना

ओर्कासारखा क्वांटम-रसायनाचा प्रोग्राम पुरतो. कोबाल्टसाठी सक्रिय अवकाश सात इलेक्ट्रॉन, पाच ऑर्बिटल. दहा क्वार्टेट (स्पिन ३/२) आणि चाळीस डब्लेट (स्पिन १/२) अवस्था घ्या, वर नेव्हपीटी२ची दुरुस्ती (ऊर्जा अधिक अचूक करणारी), शेवटी स्पिन-ऑर्बिट कपलिंग.

एकच रचना मोजून थांबू नका. प्रतिस्थापक छाटून लहान प्रतिकृती करा आणि दोन स्कॅन चालवा. पहिल्यात प्रतलांमधला कोन ९० ठेवून बाइट अँगल ७५ ते ११५ अंश. दुसऱ्यात बाइट अँगल ८० ठेवून प्रतलांमधला कोन ९० ते ७०. पहिला स्कॅन डी कुठे चिन्ह बदलतो ते दाखवतो. दुसरा ई किती लवकर वाढतो ते दाखवतो, आणि लिगंड किती चूक सहन करतो याचा अंदाज देतो.

> तपासणी: सक्रिय ऑर्बिटल खरंच कोबाल्टचे ३डी आहेत का ते चित्र काढून पाहा. एखादा गंधकाचा ऑर्बिटल आत घुसला असेल तर पुढचे सगळे आकडे कचऱ्यात.

नेहमीची चूक: वायू-अवस्थेत इष्टतम केलेल्या सुबक रचनेवरून डी काढायचा आणि तोच अंतिम मानायचा. स्फटिकात रेणू इतका सरळ उभा राहत नाही. स्फटिकरचना हाती आली की जड अणू जागच्या जागी ठेवून फक्त हायड्रोजन इष्टतम करा आणि गणना पुन्हा चालवा.

## टप्पा ७: लिगंड बनवणं आणि कोबाल्ट बसवणं

बिस-सल्फोनामाइडमध्ये एकच जागा फसवी आहे. सल्फोनिल क्लोराइड आणि बेस जास्त झाले की एकाच नायट्रोजनवर दोन सल्फोनिल गट बसतात, आणि तो नायट्रोजन दाता म्हणून बाद होतो. क्लोराइड दोन समतुल्य घ्या, थंडीत आणि थेंबाथेंबाने. प्रोटॉन एनएमआरमध्ये मिथिल सहा, सुगंधी चार, एनएच दोन असं गुणोत्तर यायला हवं. मिथिल सहाच्या वर गेलं की पुनर्स्फटिकीकरण केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोबाल्ट बसवताना बेसचा हिशेब चुकतो. दोन लिगंड, प्रत्येकी दोन प्रोटॉन, म्हणजे एका कोबाल्टला चार समतुल्य बेस. दोनच टाकलं तर अर्धवट डीप्रोटोनेट झालेली मिश्रणं मिळतात. पाणी आणि मिथेनॉल कोबाल्टला सहा दाता पुरवायला टपलेले असतात, म्हणून कोरडं, कमी बांधणारं द्रावक घ्या. चतुष्फलकीय कोबाल्टचे रंग साधारण गडद निळे-जांभळे, तर अष्टफलकीयचे फिके गुलाबी. रंग गुलाबीकडे सरकला तर द्रावक आत शिरलंय.

> इशारा: रंग तपकिरी होऊ लागला तर ऑक्सिडीकरणाची शंका घ्या. निम्न-स्पिन कोबाल्ट +३ प्रतिचुंबकीय असतो. अमीन-दाता लिगंड हवेत ही वाट सहज धरतात. नायट्रोजनखाली काम करा.

> इशारा: सेंद्रिय लिगंडसोबतची परक्लोरेट क्षारं घासल्यावर किंवा तापवल्यावर फुटू शकतात. टेट्राफ्लुओरोबोरेट किंवा टेट्राफिनाइलबोरेटने काम होत असेल तर तेच घ्या. कोबाल्टची भुकटी श्वासात जाऊ देऊ नका.

याच वेळी जस्ताचं कॉम्प्लेक्सही करून ठेवा. चतुष्फलकीय जस्त +२ची त्रिज्या ०.६० आंगस्ट्रॉम, कोबाल्टची ०.५८. दोन्ही एकाच स्फटिकात बसतात. जस्ताच्या स्फटिकात थोडासाच कोबाल्ट मिसळलेले असे विरल नमुने पुढे लागणारच आहेत, आणि जस्ताच्या कॉम्प्लेक्सचा एनएमआर स्वच्छ येत असल्याने लिगंड शाबूत आहे की नाही तेही कळतं.

## टप्पा ८: स्फटिक आणि भुकटी एकच आहेत का?

एका स्फटिकाची रचना काढायची आणि दुसऱ्याच कुपीतल्या भुकटीचं चुंबकत्व मोजायचं, ही चूक फार जुनी. जाळीतलं द्रावक वाळताना उडून जातं, मोलर वस्तुमान बदलतं, आणि चुंबकशीलतेचे सगळे आकडे त्याच प्रमाणात सरकतात. स्क्विडवर जाणाऱ्या भुकटीचाच एक्स-रे आलेख काढा आणि रचनेवरून काढलेल्या आलेखावर ठेवून पाहा. मूलद्रव्य विश्लेषणही त्याच कुपीचं.

रचनेत तीन आकडे वाचा: बाइट अँगल, प्रतलांमधला कोन, आणि सर्वात जवळचं कोबाल्ट-कोबाल्ट अंतर. पहिले दोन आराखड्याशी ताडून पाहा. तिसरा विरलीकरणाची गरज किती तातडीची आहे ते सांगतो.

## टप्पा ९: मोजमाप, न घाईचं

1. भुकटी आयकोसेनमध्ये (मेणासारख्या हायड्रोकार्बनमध्ये) किंवा ग्रीसमध्ये बांधा. मोठी अनायसोट्रॉपी (दिशेनुसार बदलणारं चुंबकत्व) असलेले कण क्षेत्रात फिरतात आणि खोटे आकडे देतात.
2. आधी स्थिर क्षेत्रात, २ ते ३०० केल्व्हिन. केवळ स्पिन धरला तर चुंबकशीलता-तापमान गुणाकार १.८७५ सेमी³ केल्व्हिन प्रतिमोल येतो. उच्च-स्पिन कोबाल्टसाठी खोलीच्या तापमानाला तो याहून बराच जास्त यायला हवा. ०.४च्या आसपास आला तर तुमच्याकडे निम्न-स्पिन आहे.
3. मग प्रत्यावर्ती क्षेत्र, आधी शून्य स्थिर क्षेत्रात. काहीच दिसलं नाही तरच बाह्य क्षेत्र लावा, आणि तेही एका तापमानाला स्कॅन करून निवडा. हजार ओर्स्टेड ही काही परंपरा नाही. क्षेत्र फार वाढवलं की थेट प्रक्रिया (एकाच कंपनातून होणारी शिथिलता) वेग घेते.
4. फिटिंगमध्ये टनेलिंग, रामन आणि ऑर्बाख (उत्तेजित पातळीवरून जाणारी) या प्रक्रिया एकत्र बघा. रामनचा घातांक ९वर गोठवायची सक्ती नाही. ऑप्टिकल कंपनांमुळे प्रत्यक्षात तो बरेचदा कमी येतो.

अर्‍हेनियस आलेखावरच्या तीन बिंदूंवरून रेष ओढायची आणि तिच्या उतारालाच अडथळा म्हणायचं, ही या क्षेत्रातली सर्वात पसरलेली चूक. टप्पा ४मधल्या बिस-सल्फोनामाइड कॉम्प्लेक्समध्ये दोन जोड्यांमधलं अंतर २३० सेमी⁻¹ आहे, पण चुंबकीय मोजमापातून आलेला परिणामी अडथळा ११८ सेमी⁻¹. जवळपास निम्मा. उत्तम आराखड्यातही असं होतं. दुसऱ्यांचे आकडे ताडताना एककही पाहा: ११८ सेमी⁻¹ म्हणजे सुमारे १७० केल्व्हिन, आणि काही जण केल्व्हिनमध्येच लिहितात.

> इशारा: भुकटीच्या स्थिर क्षेत्रातल्या फिटवरून डीचं चिन्ह ठामपणे सांगू नका. धन आणि ऋण दोन्ही फिट कधी कधी सारखेच देखणे येतात. उच्च-क्षेत्र ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स), चुंबकीय क्षेत्रातलं दूर-अवरक्त वर्णपट किंवा एकल स्फटिकाची मोजणी हवी. तेवढी सोय नसेल तर निबंधात ‘गणनेनुसार ऋण’ असं लिहा.

## टप्पा १०: निकाल वाईट आला तर आधी काय बदलायचं

शून्य क्षेत्रात शिथिलता दिसत नाही, पण गणनेत डी मोठा ऋण येतो: लिगंडला हात लावू नका. आधी जस्तात पाच ते दहा टक्के कोबाल्ट विरल करा, आणि स्फटिकात प्रत्यक्ष किती कोबाल्ट बसला ते आयसीपीने (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या तंत्राने) मोजा. द्रावणातलं प्रमाण स्फटिकात तसंच उतरतं असं नाही. विरल नमुन्यात शिथिलता दिसू लागली तर दोष शेजाऱ्यांचा. अशा वेळी मोठा धन आयन घेऊन रेणू एकमेकांपासून दूर करा.

विरल करूनही फरक नाही: रचनेतल्या प्रतलांमधला कोन पाहा. तो ९०पासून ढळला असेल तर धन आयन बदला, हायड्रोजन-बंध दोन्ही बाजूंनी सारखे होतील असा.

कोन ठीक, ई लहान, तरी अडथळा २|डी|च्या निम्म्यापेक्षाही खाली: संशय कंपनांवर घ्या. फिरू शकणारे प्रतिस्थापक काढा, मिथेनसल्फोनिलच्या जागी ताठ सुगंधी सल्फोनिल बसवून पाहा आणि मोजमाप पुन्हा करा.

डीच लहान आला: टप्पा ४ला परता, टप्पा ३ला नाही. दाता अणू बदलणं म्हणजे नवं संश्लेषण, नवी हवा-संवेदनशीलता, नवे स्फटिक. बाइट अँगल पाच अंशांनी कमी करणं बहुतेक वेळा पूल बदलून भागतं.